‘आपल्याला नाही जमायचं’: एका समजुतीची उलटतपासणी

व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानात एक गोष्ट हमखास येते. १९५३ साली येल विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी फक्त तीन टक्क्यांनी आपली ध्येयं कागदावर लिहून ठेवली होती. वीस वर्षांनी पाहिलं, तर या तीन टक्क्यांची संपत्ती उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीहून जास्त निघाली. सभागृहात टाळ्या पडतात, मुलं वहीत ध्येयं लिहायला घेतात. असा अभ्यास येलमध्ये कधी झालाच नाही. पत्रकारांनी शोध घेतला, विद्यापीठाने जुने कागद तपासले, कुठेही काही सापडलं नाही. गोष्ट मात्र अजून जोरात चालू आहे.

दुसरी तशीच गोष्ट एकवीस दिवसांची. एकवीस दिवस एखादं काम रोज केलं की त्याची सवय लागते म्हणतात. याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, एवढंच त्यांचं निरीक्षण होतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना खरोखरच नवी सवय लावायला सांगून मोजलं, तेव्हा सरासरी ६६ दिवस आली. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला.

अशा खोट्या गोष्टींनी काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. बिघडतं. बाविसाव्या दिवशी पहाटे उठवत नाही, तेव्हा तो माणूस एकवीसच्या आकड्यावर शंका घेत नाही. तो म्हणतो, खोट माझ्यातच आहे. ज्या व्याख्यानाने न्यूनगंड घालवायचा, तेच व्याख्यान नवा न्यूनगंड देऊन जातं. म्हणून ‘आपल्याला नाही जमायचं’ ही समजूत कुठून येते, ती कशाने ढळते आणि मनातलं प्रत्यक्षात उतरवायला काय लागतं, याबद्दल गेल्या साठ वर्षांत काय हाती आलं आणि काय हातातून निसटलं, हे एकदा नीट मांडायला हवं. त्यातून माझं एक मत बनलं आहे, ते आधीच सांगतो. ही समजूत पुष्कळदा भ्रम नसते, ती अनुभवाची नोंद असते. त्यामुळे ती बोलून खोडता येत नाही, तिच्यासमोर नवा अनुभव ठेवावा लागतो.

सुरुवात १९६७ पासून करू. मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर या पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्या दोन तरुण संशोधकांनी काही कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे झटके दिले. पुढे त्याच कुत्र्यांना अशा खोक्यात ठेवलं, जिथे मधली बुटकी फळी ओलांडली की सुटका होती. बरीचशी कुत्री जागची हललीच नाहीत, कण्हत पडून राहिली. आज असा प्रयोग करायला कुणी परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. या निष्कर्षाला ‘शिकलेली असहायता’ असं नाव पडलं आणि पाठ्यपुस्तकांत तो कायमचा जाऊन बसला.

पुस्तकांत कमी येतो तो पुढचा भाग. या कुत्र्यांना त्यातून बाहेर कसं काढलं? पलीकडून हाका मारल्या, खाण्याचं आमिष दाखवलं, फळीसुद्धा काढून टाकली. उपयोग झाला नाही. शेवटी गळ्यात दोरी बांधून त्यांना ओढत पलीकडे न्यावं लागलं, तेही पुन्हा पुन्हा. हळूहळू दोरीला लागणारा जोर कमी होत गेला आणि मग ती आपण होऊन उडी मारू लागली. सुटका होते हे त्यांना पायांनी कळलं.

२०१६ साली याच दोघांनी, पन्नास वर्षांच्या मेंदूसंशोधनानंतर, आपलाच सिद्धान्त उलटा केला. असहायता शिकावी लागत नाही, असं त्यांनी लिहिलं. संकट लांबलं की सस्तन प्राण्याचा मेंदू आपोआप गप्प पडून राहतो, ती त्याची मूळ प्रतिक्रियाच आहे. शिकावं लागतं ते ‘माझ्या हातात काहीतरी आहे’ हे. एवढ्या गाजलेल्या कामाबद्दल ‘आम्ही उलटं वाचलं होतं’ असं स्वतःच छापणारे शास्त्रज्ञ थोडे. पण त्याहून महत्त्वाचं हे की प्रश्नाची मांडणीच बदलली. माणूस हातपाय का गाळतो, हे विचारण्यापेक्षा त्याला हातपाय हलवून काही घडल्याचा अनुभव कधी मिळाला होता का, हे विचारणं आलं.

याच दिशेने, पण माणसांवर आणि बऱ्याच माणुसकीने, काम केलं ते अल्बर्ट बांडुरा यांनी. कॅनडातल्या एका छोट्या गावात वाढलेला हा माणूस पुढे जन्मभर स्टॅनफर्डमध्ये राहिला आणि २०२१ साली, ९५ व्या वर्षी गेला. सापाच्या भीतीने बागेत पाऊल न टाकणारी माणसं त्यांच्या प्रयोगात आली. कुणाला चित्रफीत दाखवली, कुणाला शरीर सैल सोडून सापाची कल्पना करायला सांगितली. काहींच्या बाबतीत मात्र मदतनीस सोबत उभा राहिला. आधी त्याने स्वतः साप हाताळला, मग हातमोजे घालून यांना स्पर्श करायला लावला, मग मोज्यांशिवाय. या शेवटच्या गटाची भीती सगळ्यांत जास्त गेली, आणि काही तासांत गेली. १९७७ च्या लेखात बांडुरांनी ‘मला हे करता येईल’ या विश्वासाचे चार झरे सांगितले: स्वतः करून पाहिल्याचा अनुभव, आपल्यासारख्या कुणाला करताना पाहणं, दुसऱ्याने दिलेला धीर आणि स्वतःच्या शरीराची अवस्था. पहिला सगळ्यांत बळकट, तिसरा बराच दुबळा. आपल्याकडे प्रेरणेचा जो बाजार आहे, तो जवळजवळ सगळा या तिसऱ्यावर उभा आहे.

दुसऱ्या झऱ्यात ‘आपल्यासारख्या’ या अटीला फार महत्त्व आहे. कलामांचं चरित्र वाचून मूल भारावतं. पण शेजारच्या गल्लीतली मुलगी नर्सिंगला लागली, तर ‘फॉर्म कुठे मिळतो’ हे विचारायला कुणीतरी तिच्या दारात जातं.

मानसोपचाराच्या बाजूने याच निष्कर्षाकडे येणारी आणखी एक वाट आहे, आणि मराठी वाचकाला ती थोडी परिचित आहे, कारण अल्बर्ट एलिस यांचे विचार कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवले. एलिस यांची ओळख विवेकनिष्ठ विचारांचा पुरस्कर्ता अशी आहे. ‘मला नकार मिळता कामाच नये’ यासारख्या हट्टी समजुतींशी वाद घाला, असं ते सांगत. पण त्यांची स्वतःची सुरुवात वादाने झालेली नाही. मुलींशी बोलायला प्रचंड घाबरणाऱ्या एकोणीस वर्षांच्या एलिसने न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायचं ठरवलं. कित्येक जणी उठून गेल्या, शंभर जणी बोलल्या. त्यांतल्या एकीने भेटायचं कबूल केलं आणि ती आली नाही. यशाच्या हिशेबात शून्य. पण कुणी ओरडलं नाही, कुणी पोलिसांना बोलावलं नाही, आणि भीती गेली. (आजच्या वाचकाने हा प्रयोग तसाच करायला जाऊ नये. त्या बायकांना काय वाटलं असेल, हे कुणी विचारलं नव्हतं.)

पुढे १९९६ साली नील जेकबसन यांनी एक खोडकर प्रश्न विचारला. नैराश्यावर चालणाऱ्या बोधात्मक उपचारात दोन भाग असतात, दिवसभरात काही ठरावीक कामं करायला लावणं आणि नकारात्मक विचार तपासून बदलणं. दुसरा भाग काढून टाकला तर? त्यांनी तो काढून पाहिला. नुसती कामं करणाऱ्यांना पूर्ण उपचार घेणाऱ्यांइतकाच गुण आला. विचार बदलण्याचा खटाटोप न करताही विचार बदलले होते.

यातून उभ्या राहिलेल्या ‘कृतिप्रेरण’ पद्धतीची एक मोठी कसोटी आपल्या अगदी शेजारी, गोव्यात लागली. विक्रम पटेल आणि ‘संगथ’ ही संस्था यांनी गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर चाचणी घेतली. उपचार करणारे डॉक्टर नव्हते आणि मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. मानसिक आरोग्याचं काम पूर्वी कधीच न केलेल्या स्थानिक माणसांना शिकवून तयार केलं होतं. सहा ते आठ बैठकी. दिवस कसा जातो ते पाहायचं, सुटलेली कामं आणि तुटलेल्या गाठीभेटी एकेक करून परत आणायच्या, अडचण आली तर ती सोडवायची. तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के रुग्णांचं नैराश्य ओसरलं होतं. नुसता नेहमीचा उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली हे छापून आलं. इतक्या जवळ घडलेल्या या कामाची मराठीत जेवढी चर्चा व्हायला हवी होती, तेवढी झाली नाही.

याउलट, आरशासमोर उभं राहून ‘मी समर्थ आहे’ असं म्हणण्याचं काय होतं? कॅनडात जोॲन वुड यांनी २००९ साली ते तपासलं. ज्यांचं स्वतःबद्दल आधीच चांगलं मत होतं, त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांना गरज होती, त्यांना वाक्य म्हटल्यावर आणखी वाईट वाटलं. मन साक्षीदार मागतं आणि तोंड नुसता निकाल वाचून दाखवतं, मग ते ऐकणार कसं?

कॅरल ड्वेक यांच्या ‘वाढती मनोधारणा’ या कल्पनेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण शाळांमधून तिचा गवगवा भरपूर झाला आहे. बुद्धी ठरलेली नसून मेहनतीने वाढते असं मुलांना पटलं तर ती अपयशातून लवकर सावरतात, हा तिचा गाभा. कल्पना चांगली आहे, पण तिची फळं फुगवून सांगितली गेली. २०१८ साली व्हिक्टोरिया सिस्क आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र केले तेव्हा परिणाम अगदी बारीक निघाला. इंग्लंडमधल्या शाळांतल्या मोठ्या चाचणीत जास्तीची प्रगती दिसलीच नाही. सगळ्यांत काळजीपूर्वक केलेला अमेरिकेतला अभ्यास २०१९ चा, सुमारे १२,००० नववीच्या मुलांचा. तासाभरापेक्षा कमी वेळाच्या संगणकीय धड्याने मागे पडलेल्या मुलांचे गुण चार गुणांच्या मोजपट्टीवर ०.१ ने वाढले. आणि वर्गातली इतर मुलं अवघड गणित घेणाऱ्याला हसत नव्हती, तिथे फायदा जास्त टिकला. इतक्या स्वस्त धड्याच्या मानाने हे वाईट नाही. पण भिंतीवर तक्ते लावून मुलांचं आयुष्य बदलेल म्हणणाऱ्यांनी हा आकडा वाचावा.

आता स्वप्नांकडे येऊ. इथे सर्वांत अनपेक्षित काम गॅब्रिएल ओटिंगन यांचं आहे. मूळच्या जर्मन, आता न्यूयॉर्क विद्यापीठात. त्यांनी ‘मला हे मिळेल’ ही अपेक्षा आणि ‘मिळालं तर काय बहार येईल’ हे मनोराज्य यांत फरक केला. पहिली भूतकाळातल्या कामगिरीवर उभी असते. दुसऱ्याला काही आधार लागत नाही. वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रिया, नोकरी शोधणारे पदवीधर, खुब्याची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण अशा वेगवेगळ्या लोकांचा त्यांनी पाठपुरावा केला. ज्यांची मनोराज्यं जास्त गोड, त्यांचं वजन कमी उतरलं, त्यांना नोकरीचे प्रस्ताव कमी आले, ते उशिरा चालू लागले. पुढच्या प्रयोगांत दिसलं की गोड कल्पनेत रमल्यावर रक्तदाबसुद्धा खाली येतो, शरीर सैलावतं, जणू काम झालंच आहे. मनातले मांडे खाऊन पोट भरत नाही असं आपण म्हणतो. या अभ्यासाप्रमाणे भूक मात्र मरते.

ओटिंगन स्वप्न पाहू नका म्हणत नाहीत. इच्छा डोळ्यांपुढे आणा आणि लगेच तिच्या आड येणारी आपल्यातली सगळ्यांत मोठी अडचण डोळ्यांपुढे आणा, असं त्या सांगतात. दोन्ही शेजारी ठेवल्यावर दोनच गोष्टी होतात. अडचण ओलांडता येण्यासारखी असेल तर अंगात जोर येतो, नसेल तर ते स्वप्न सोडणं सोपं जातं. हा दुसरा फायदा पुढे फार उपयोगी पडणार आहे.

त्यांचे पती पीटर गोल्विट्झर यांनी उरलेली कडी जोडली. चांगला संकल्प केला तरी निम्म्याच्या आसपास संकल्प कृतीपर्यंत पोहोचत नाहीत, असं अनेक अभ्यासांतून दिसतं. घोडं पेंड खातं ते ‘कधी’ आणि ‘कुठे’ या प्रश्नांवर. ‘मी अभ्यास करीन’ याऐवजी ‘संध्याकाळी जेवून उठलो की ताटावरून सरळ टेबलाशी जाईन आणि कालचं गणित काढीन’ असं ‘जर-तर’ वाक्य ठरवलं तर तड लागण्याची शक्यता वाढते. ९४ अभ्यासांच्या २००६ सालच्या एकत्रित पाहणीत हा परिणाम मध्यम ते मोठा निघाला. प्रयोगशाळेबाहेर तो लहान होतो, पण उरतो. एका अमेरिकन कंपनीत फ्लूच्या लशीची आठवण देणाऱ्या पत्रावर ‘कोणत्या तारखेला, किती वाजता’ हे लिहायला रिकामी जागा ठेवली, तेव्हा लस घेणाऱ्यांचं प्रमाण ३३ वरून ३७ टक्क्यांवर गेलं. चार टक्के म्हणजे चमत्कार नव्हे, पण रिकाम्या रेघेला खर्चही आला नव्हता.

आणि वेळेचा अंदाज? १९९४ साली कॅनडातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर ३४ दिवस. लागले ५५ च्या वर. जे काम पहिल्यांदाच करतोय, त्याला ठरवलेल्या वेळेच्या दीडपट वेळ धरून चालावं, म्हणजे उशीर झाल्यावर स्वतःला नालायक ठरवायची पाळी येत नाही.

इथवरचं सगळं एका माणसाच्या डोक्याबद्दल झालं. जास्त गंभीर काम याच्या बाहेर आहे, आणि त्यातलं बरंचसं भारतात झालं आहे.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. जितके सुटतील तितके पैसे. जात जाहीर केली नव्हती तेव्हा तथाकथित वरच्या आणि खालच्या जातींच्या मुलांत फरक दिसला नाही. मग दुसऱ्या गटांत काम सुरू होण्याआधी प्रत्येकाचं नाव, गाव, वडिलांचं आणि आजोबांचं नाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली. दलित मुलांनी सोडवलेल्या भूलभुलैयांची संख्या लक्षणीय घसरली. मुलं तीच, कागद तोच. संशोधकांचं म्हणणं असं की मुलांचा अविश्वास स्वतःच्या डोक्यावर कमी आणि निवाडा करणाऱ्यांवर जास्त होता. न्याय मिळणार नसेल तर जीव कशाला तोडायचा? अमेरिकेत याच्याशी नातं सांगणारा एक सिद्धान्त १९९५ पासून खूप गाजला आणि अलीकडच्या मोठ्या चाचण्यांत बराच ढिला पडला, हेही सांगायला हवं. उत्तर प्रदेशातला प्रयोग वेगळा आहे. तिथे मुलांच्या मनातली समजूत गावाच्या रोजच्या वागण्याने घडवली होती.

या मुलांना ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ असं व्याख्यान द्यायचं, म्हणजे दुखणं एकाचं आणि औषध दुसऱ्याला.

महाडचा इतिहास इथे आठवतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचं ठरवलं. कागदावर हक्क आला, तरी तळ्यावर कुणी जाऊ शकत नव्हतं. याला न्यूनगंड म्हणणं चूक ठरलं असतं, कारण २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्यांच्या माणसांवर त्याच दिवशी हल्ले झाले. भीती खरी होती. ती असूनही एकत्र चालत जाणं हे तिला दिलेलं उत्तर होतं, आणि त्यानंतर कोर्टात दहा वर्षं लढून १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल मिळवणं हा त्या उत्तराचा उरलेला भाग. स्वाभिमानाची भाषणं तिथेही झाली, पण ती चालत जाण्याच्या आदल्या दिवशी झाली.

परिस्थिती बदलली की स्वप्नं कशी बदलतात, याचा सगळ्यांत स्वच्छ पुरावा बंगालमधल्या बीरभूमचा. तिथे कोणत्या पंचायतीचं प्रमुखपद स्त्रीसाठी राखीव, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरत होतं, त्यामुळे तुलना करणं सोपं झालं. लोरी बीमन, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोव्हा यांनी ४९५ गावांतल्या आठ हजारांवर किशोरवयीन मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना विचारलं, पुढे काय व्हायचंय, काय व्हावंसं वाटतं? जिथे सलग दोन निवडणुकांत पद स्त्रीकडे गेलं होतं, तिथे मुलगा-मुलगी यांच्या आकांक्षांमधली दरी पालकांत २५ टक्के आणि मुलांमध्ये ३२ टक्के भरून निघाली. शिक्षणातला फरक तर पुसलाच गेला, आणि मुलींचा घरकामातला वेळ कमी झाला. गावात मुलींसाठी नव्या नोकऱ्या आल्या नव्हत्या. समोर एक बाई खुर्चीवर बसून निर्णय घेताना दिसत होती, एवढंच. त्यातही एक खेप पुरली नाही, दुसरी लागली. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. ‘कारभार नवराच बघतो’ अशी थट्टा करणाऱ्यांनी तो कारभार पाहत मोठ्या होणाऱ्या मुलींनाही एकदा विचारावं.

मुंबईत जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी २००४ च्या निबंधात ‘आकांक्षा धरण्याची क्षमता’ अशी कल्पना मांडली. श्रीमंताच्या मुलाला ‘हवं’ पासून ‘मिळालं’ पर्यंतच्या पायऱ्यांचा लहानपणापासून सराव असतो. कुणाला फोन करायचा, अर्ज कसा लिहायचा, नाही म्हटलं तर पुढे कुठे जायचं, हे तो घरात बघतो. गरिबाला इच्छा कमी नसतात, सराव कमी मिळतो. ही कल्पना त्यांनी भायखळ्याच्या फूटपाथवर राहणाऱ्या बायकांच्या ‘महिला मिलन’ आणि ‘स्पार्क’, ‘नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन’ या संस्थांचं काम बघून मांडली. तिथे बायका रोजची बचत करत होत्या, रेशन कार्डासाठी आणि पोलीस चौकीत गटाने जायला शिकत होत्या. स्वतःच आपल्या वस्तीची मोजणी करत होत्या. पुढे त्यांनी घरांचे खऱ्या मापाचे नमुने उभे केले, वर पोटमाळा असलेले, आणि सरकारी अधिकाऱ्यांना ते बघायला बोलावलं. फूटपाथवरची बाई वास्तुशास्त्रावर बोलते आहे आणि साहेब ऐकतो आहे, या प्रसंगात दोघांच्याही समजुती हलत होत्या.

म्हसवडची कथा याच जातीची. माणदेशातल्या कष्टकरी बायकांसाठी चेतना सिन्हा यांनी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांचे अंगठे होते. त्या सांगतात की बायकांनी आधी लिहा-वाचायला शिकायचं ठरवलं, आणि दुसऱ्या खेपेला अधिकाऱ्यांसमोर उभं राहून म्हटलं, कोणत्याही रकमेचं व्याज सांगा, आम्ही तोंडी काढतो, तुमच्या माणसांनी यंत्राशिवाय काढून दाखवावं. १९९७ साली बँक सुरू झाली. हिशेब त्यांना आधीपासून येत होता. अंगठ्यामुळे तो कुणाला दिसत नव्हता.

पैसा आणि मन यांत आधी काय, यावर अर्थशास्त्रात बराच वाद आहे. तमिळनाडूतले ऊस शेतकरी तोडणीनंतर हातात पैसा असताना बुद्धीच्या चाचणीत आधीपेक्षा बरे ठरले, असं २०१३ साली दिसलं. नंतरच्या अभ्यासांत हे चित्र तितकं ठळक राहिलं नाही. नायजरमध्ये मात्र २०२२ सालच्या मोठ्या प्रयोगात गरीब स्त्रियांना मदत देताना सोबत मानसिक-सामाजिक भाग जोडला, म्हणजे गावाला एका जोडप्याची चित्रफीत दाखवून सर्वांसमोर चर्चा घडवली आणि बायकांना जीवनकौशल्यं शिकवली, तेव्हा खर्चाच्या मानाने फळ चांगलं मिळालं. चर्चेत नवरे आणि गावातले वडीलधारेही होते, हे विसरू नये. आकांक्षा आपल्या आजच्या जागेपासून फार जवळ असली तर माणूस हलत नाही आणि फार दूर असली तरी हलत नाही, हे देबराज राय यांचं निरीक्षण या सगळ्यातून पुन्हा पुन्हा खरं ठरतं.

‘फार दूर’चं सगळ्यांत जवळचं उदाहरण पुण्यात आहे. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता. अभ्यासिका, मेस, सहा जणांत एक खोली. इथे ‘मला नाही जमायचं’ असं म्हणणारा क्वचितच भेटतो. इथला रोग उलटा आहे. २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला सुमारे १० लाख अर्ज आले, ५ लाख ९२ हजार पूर्व परीक्षेला बसले आणि १,०१६ जणांची निवड झाली. यात मेहनतीचा वाटा आहेच, पण जागांचं गणित कुणाच्या आत्मविश्वासाने बदलत नाही. दोन गुणांनी हुकलेला मुलगा पुढच्या वर्षी निवडीच्या जवळ आलेला नसतो, रांग तेवढीच असते. पण हुकणं थोडक्यात असलं की ‘एक अटेम्प्ट अजून’ म्हणावंसं वाटतं. गावाकडे आई-वडिलांनी सगळ्यांना सांगून ठेवलेलं असतं. वयाची अठ्ठाविशी उलटते. व्याख्यानात सांगतात, हार मानू नका. पाच वर्षं यादीत नाव न आलेला मुलगा ते ऐकून पुन्हा खोलीचं भाडं भरतो.

कार्स्टन रॉश यांनी २००३ पासून या बाजूचा अभ्यास केला. हाती न येणारं ध्येय सोडता येणं आणि दुसरं हाती धरता येणं, या दोन क्षमता असलेल्या माणसांचं मानसिक स्वास्थ्य बरं असतं, असं त्यांना आढळलं. सोडणं ही कृतीच आहे, आणि गोल्विट्झर यांचं ‘जर-तर’ तिथेही चालतं. ‘तिसऱ्या खेपेपर्यंत मुख्य परीक्षेला पोहोचलो नाही, तर जूनमध्ये अमुक नोकरीचा अर्ज भरीन’ हे पहिल्या खेपेला, डोकं शांत असताना, घरच्यांसमोर लिहून ठेवावं. पराभवाच्या आठवड्यात ते ठरवता येत नाही.

निवड झालेल्यांचे फोटो क्लासच्या फलकांवर मोठे असतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या फसव्या जाहिरातींवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांनुसार यशस्वी उमेदवाराच्या फोटोसोबत त्याने कोणता कोर्स घेतला होता आणि त्याचे पैसे भरले होते का, हे सांगावं लागतं. हे चांगलं झालं, पण पुरेसं नाही. त्या वर्षी त्याच क्लासमध्ये एकूण किती मुलं होती, हा आकडा फोटोशेजारी त्याच अक्षरांत छापला पाहिजे. तो छापला जाईपर्यंत फी भरणाऱ्या प्रत्येक पालकाने पावती घेण्याआधी तो विचारावा, आणि उत्तर लेखी मागावं.